सागवानी टेबलावर तेलाचं व्हार्निश: एक पावसाळा काढल्यानंतर

टेबल जुनं, सागवानी, चार फूट बाय अडीच, एक खण असलेलं. जागा रत्नागिरीकडच्या घराची पडवी. फेब्रुवारीअखेर जुना थर काढून तेलाचं व्हार्निश दिलं, आता नोव्हेंबर. मधे अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही ते आता सांगता येतं. डबा फार महागाचा नव्हता. फरक पडला तो तयारीने आणि महिना निवडण्याने.

आधी जुना थर ओळखायचा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दोन मिनिटं दाबून धरला तर थर चिकट झाला, म्हणजे चपडीचं (लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळणारं) पॉलिश. त्याला पेंट रिमूव्हर लागत नाही. स्पिरिट लावायचं, मऊ झालं की काचेच्या तुकड्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढायचं. स्टील वूल (लोखंडी तारांचा बारीक गोळा) मात्र सागवानाजवळ नेऊ नये. त्याचे बारीक कण रंध्रांत अडकतात, ओल लागली की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळे ठिपके उठतात, आणि ते व्हार्निशच्या खाली असतात. जुन्या खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळं याच जातीची. अर्धा लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड (प्लॅस्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून; हे विषारी आहे) विरघळवून ब्रशने लावलं, नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसलं आणि दोन दिवस वाळू दिलं. डाग नव्वद टक्के गेले. त्या जागी पितळी स्क्रू बसवले, खाऱ्या हवेत लोखंडी परत गंजले असते.

पॉलिश पेपर 80, 120, 180, 220 नंबर असा, जाड्यापासून बारीककडे, रेषेतच. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, व्हार्निश पडल्यावर दिव्यासमोर उठून दिसतो.

सागवानात स्वतःचं तेल असतं. ते न काढता व्हार्निश दिलं की पहिला हात दिवसेंदिवस चिकट राहतो आणि दोष डब्याला जातो. थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून तासाभरात पहिला हात द्यायचा. थिनरच्याही आधी गोड्या पाण्याचा ओला बोळा फिरवून पूर्ण वाळू द्यावं. किनाऱ्यावर लाकडावर मीठ बसतं आणि ते ओल ओढतं.

पहिल्या हातात 15 टक्के टर्पेंटाईन, पुढचे दोन जवळजवळ जसेच्या तसे. डबा हलवायचा नाही, पट्टीने ढवळायचा, नाहीतर बुडबुडे वर बसतात. दोन थरांच्या मधे एक दिवस, तेव्हा 320 नंबरच्या पेपरने हलकं घासणं आणि धूळ पुसणं. काम सकाळी दहा ते एक. दुपारनंतर समुद्राचा वारा धूळ आणून ओल्या थरावर चिकटवतो. या मापाच्या टेबलाला, खालची बाजू धरून, एक लिटर पुरलं. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापतं आणि गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवावीत.

खालच्या बाजूला व्हार्निश देणं बहुतेक जण सोडतात. फक्त वरून बंद केलेली फळी खालून ओल पिते आणि वाकते. इथे ऑगस्टमध्ये रुंदी तीन-चार मिलिमीटर वाढली, पण वरचा भाग सपाट राहिला. दोन फळ्यांच्या सांध्यात भरलेली लांबी (फटी बुजवायची पुट्टी) मात्र फुटली. हलणाऱ्या सांध्यात लांबी भरणंच चूक.

हात लावून कोरडं वाटलं तरी तीन आठवडे जड वस्तू ठेवू नये. पावसाळ्यात वरून टाकलेलं प्लॅस्टिकचं मेणकापड हा यातला सर्वांत मोठा घोटाळा ठरला. जुलैअखेर काढलं तेव्हा ते चिकटलेलं होतं, खाली जाळीसारखे ठसे आणि राखाडी बुरशी. बुरशी कोरड्या फडक्याने गेली. ठसे मऊ थरात उठलेले, ते 400 नंबरच्या पेपरने पाणी लावून घासूनच निघाले, वरून एक पातळ हात द्यावा लागला. सुती कापड घाला, नाहीतर काहीच नको.

खणाच्या बाजूंना व्हार्निश दिलं नव्हतं, ते बरं झालं. फुगला तेव्हा कडेला मेणबत्ती घासली आणि सरकू लागला.

पश्चिमेच्या उन्हात असणारी कड थोडी फिकी पडली आहे. तिथे घरातलं व्हार्निश कमी पडतं, ऊन सोसणारं मरीन व्हार्निश हवं होतं.

पायांचं बूड मात्र फसलं. ओल्या फरशीला टेकलेल्या टोकातून पाणी वर चढलं आणि खालचा इंचभर थर पापुद्र्यासारखा सुटला. टोकाचं लाकूड स्पंजासारखं पितं, एका हाताने भागत नाही. आता टेबल आडवं करून, बुडं सुकवून, पातळ केलेलं व्हार्निश तीन-चार वेळा मुरवायचं, वरून रबराचे बूट घालायचे. डिसेंबरात.