खोक्यावर २३ टाके, त्यातले कामाचे तीन: घरगुती इलेक्ट्रिक शिलाई मशीनचा रिव्ह्यू

आधी सांगते रिव्ह्यू कशाचा आहे ते. टेबलावर ठेवायचं घरगुती इलेक्ट्रिक शिलाई मशीन, स्क्रीन-बिन काही नसलेलं, पुढे दोन-तीन गोल नॉब, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) वरून टाकायचं आणि त्यावर पारदर्शक झाकण, पायाशी पॅडल. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, कारण ह्या रचनेचं मशीन बऱ्याच कंपन्या काढतात, रंग बदलतो, नॉबची जागा बदलते, बाकी आतून सगळा प्रकार तोच. आणि मला विचारणाऱ्या मैत्रिणींना मॉडेल नंबर नकोच असतो, "घेऊ का गं?" एवढंच विचारायचं असतं. तर घ्या. फक्त जे कारण सांगून ते विकतात त्या कारणासाठी घेऊ नका.

विकतात ते टाक्यांच्या संख्येवर. खोक्यावर भलेमोठे आकडे, २३ टाके, ३२ टाके, आत पानंफुलं, लाटा, एक बदकांची रांगसुद्धा असते कधीकधी. बदकं मी एकदाही शिवलेली नाहीत आणि शिवणार पण नाहीये. सरळ टीप, झिगझॅग आणि काज, एवढ्यात घरचं सगळं शिवणकाम होतं, फार तर ताणल्या जाणाऱ्या कपड्यासाठी तो तुटक-तुटक झिगझॅग लागतो. सरळ टिपेला टाक्याची लांबी २.५ मिमी ठेवा, कच्च्या शिलाईला ४ वर न्या, विषय संपला.

मग बघायचं काय? तर मशीन बाहेर काढायला आणि परत ठेवायला किती कटकट होते ते. माझ्याकडे शिवणकामाची वेगळी खोली वगैरे नाही, जेवायचं टेबल आहे, त्यावरच भाजी निवडली जाते, त्यावरच कोणीतरी पुस्तक पालथं घालून ठेवलेलं असतं आणि त्यावरच मशीन येतं. सहा-सात किलोचं आहे, वर धरायला खोबण आहे, एका हाताने कपाटातून उचलून आणता येतं, वायर लावली की सुरू. जड लोखंडी मशीन चालतं सुंदर, ह्यात वादच नाही, पण ते एकदा कोपऱ्यात बसलं की बसलं, आणि मग उसवलेली उशीची खोळ महिनोन्महिने तशीच पडून राहते. हे हलकं मशीन गॅसवर काहीतरी मंद आचेवर शिजत असतानाच्या वेळात बाहेर येतं, एक शिवण मारून परत आत जातं. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि तो कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो.

आता बॉबिन. ह्यावर जरा जास्त लिहिते, कारण घेताना लोक इकडे बघतच नाहीत. जुन्या पद्धतीत बॉबिन धातूच्या केसमध्ये घालून ती केस पुढून किंवा बाजूने, जवळजवळ न बघता, आत टिचकन बसवावी लागते. ह्यात तसं नाही, झाकण सरकवायचं, बॉबिन वरून टाकायचं, दोरा खाचेतून ओढायचा, झालं. बॉबिन हातात धरल्यावर दोऱ्याचं टोक डावीकडून खाली लोंबलं पाहिजे, इंग्रजी पी अक्षरासारखं दिसतं, उलटं टाकलंत तर टीप सैल येते. आणि झाकण पारदर्शक असल्यामुळे खाली दोरा किती उरलाय ते दिसतं, हे मला फार आवडलं, कारण लांब पडद्याच्या मधोमध खालचा दोरा संपला आणि आपण हातभर नुसतीच भोकं पाडत गेलो तर जो वैताग येतो तो ज्याने शिवलंय त्यालाच कळेल. जास्तीची बॉबिनं घेताना मात्र मॅन्युअलमध्ये दिलेलीच घ्या. क्लास १५ आणि क्लास ६६ ही बॉबिनची मापं दिसायला भावंडं आहेत पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आणि प्लास्टिकचं सांगितलं असेल तर प्लास्टिकचंच.

"मशीन खालून दोऱ्याचा गुंता करतंय, बिघडलंय" अशी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिन काढून बघत बसतो, आणि चूक असते वरच्या दोऱ्यात. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्यांमधून जातो, प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा सुईजवळचा तुकडा) खाली असेल तर त्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरतच नाही, वरवर राहतो, मग त्याला ताण नाही आणि सगळा पसारा कापडाखाली. म्हणून फूट वर करायचं, सुई सगळ्यात वर आणायची, मग दोरा ओवायचा, आणि शिवताना फूट आठवणीने खाली. टेन्शनचा नॉब ४ च्या आसपास ठेवून पहिल्यांदा एका चिंधीवर टीप मारून बघा, दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात पडली पाहिजे, वरून खालचा दोरा दिसायला नको आणि खालून वरचा नको. हे तत्त्व काही आजचं नाही, अमेरिकेच्या एलायस हाव ह्यांनी अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट १८४६ मध्ये घेतलं, तेव्हाही दोन दोरे आणि टोकाशी भोक असलेली सुईच होती.

सुईचं पण सांगते. मशीनबरोबर येते ती सुई सगळ्याला चालते असं समजू नका. पाकिटावर दोन आकडे असतात, ९०/१४ असे, त्यातला पहिला म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे ही सुई ०.९ मिमी जाडीची. पातळ सुतीला ७०/१०, साध्या सुतीला ८०/१२, जाड कापडाला ९०/१४, जीन्सला १००/१६. टी-शर्टच्या कापडाला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई लागते, साधी सुई तिथे टाके सोडून देते आणि आपण मशीनला शिव्या घालत बसतो. माझ्या मशीनमध्ये सुईची सपाट बाजू मागे ठेवून बसवायची, तुमचं मॅन्युअल एकदा बघून घ्या. साधारण आठ तासांच्या शिवणकामानंतर सुई बदला म्हणतात, मी तासबीस मोजत नाही, कापडात शिरताना टकटक असा आवाज यायला लागला की बदलते.

आता ह्यावर मी शिवते काय? कपडे फार नाही, खरं सांगायचं तर अल्टरेशनच जास्त, पँट आखूड कर, बाही घट्ट कर, त्यासाठी मशीनच्याच सपाट टेबलाचा पुढचा तुकडा निघतो आणि बारीक दांडा उरतो त्यावर बाही चढवता येते, मस्त सोय आहे. बाकी सगळं स्वयंपाकघरातलं आणि पुस्तकांचं.

स्वयंपाकघरात पहिला नंबर गरम भांडं धरायच्या फडक्यांचा. ह्यात मशीनपेक्षा कापड महत्त्वाचं. बाहेरून सुती, आतून सुद्धा सुती, जुना टॉवेल दोन-तीन घड्या करून आत घातला तर उत्तम. पॉलिस्टरचं भरण नको, पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या वर वितळतं, आणि ओव्हनमधला ट्रे किंवा तापलेला तवा त्या वाटेवरच असतो. आणि फडकं कितीही जाड असू दे, ओलं असेल तर हात भाजणारच, पाण्यातून उष्णता पटकन पलीकडे येते. पदार्थाचा वास यायला लागला की घाईत आपण नेमकं सिंकजवळचं ओलं फडकंच उचलतो, म्हणून मी त्याला कोपऱ्यात एक नाडी शिवून टाकली, खिळ्याला कोरडं लटकत राहतं.

आणि इथेच ह्या मशीनची पहिली खरी कमतरता दिसते. टॉवेलच्या तीन घड्या, वरून दोन कापडं, कडेला पट्टी, एवढं एकत्र आलं की फूट पुढून वर उचललं जातं, मागून खाली राहतं, आणि कापड जागच्या जागी अडकतं, टाके एकमेकांवर. मोटर घुंघुं करते, पुढे जात नाही. ह्यावर उपाय आहे, फुटाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवायची म्हणजे फूट सपाट होतं, आणि त्या गाठीवरून पॅडल न दाबता उजवीकडचं चाक हाताने, आपल्याकडे फिरवत, तीन-चार टाके न्यायचे. जमतं. पण दर कोपऱ्याला हे करायचा कंटाळा येतो, आणि फुटाचा दाब कमीजास्त करायची सोय ह्यात दिलेलीच नाहीये, ती असायला हवी होती.

एप्रन मात्र ह्यावर लोण्यासारखा शिवला जातो. कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग पट्टी एकीकडे न् कापड दुसरीकडे. काखेच्या गोलाईला उरेब पट्टी लावा, म्हणजे कापडाच्या ४५ अंशात तिरपी कापलेली, ती वळणावर चुण्या न पडता बसते. खिसा मोठा ठेवा, आणि खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना रिव्हर्स टाका मारून छोटा त्रिकोण करा, खिसा फाटतो तो तिथूनच. माझ्या एप्रनच्या खिशात चमचा कमी आणि पेन्सिल जास्त असते, रेसिपीच्या पुस्तकात समासात लिहायची सवय आहे, मीठ कमी, वेळ जास्त, असलं काहीतरी.

पुस्तकांचं म्हणाल तर आमच्या दोन-चार घरांत पुस्तकं सतत फिरत असतात, एकीकडून दुसरीकडे, आणि ज्या अवस्थेत परत येतात त्यावर मी बोलत नाही, मैत्री टिकवायचीये. म्हणून कापडी कव्हरं शिवायला लागले. माप पुस्तक मिटलेलं असताना घ्या, उघडं ठेवून घेतलंत तर कव्हर तोकडं होतं आणि पुस्तक मिटत नाही. उंचीत पुस्तकाच्या उंचीला दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर मार्जिन आणि वर अर्धा सेंटिमीटर सैल, रुंदीत दोन्ही पुठ्ठे अधिक कणा अधिक आत दुमडायला दोन्हीकडे सात-सात सेंटिमीटर, शिवाय दोन्ही टोकांच्या कडा दुमडायला थोडं. म्हणजे ए-५ आकाराचं, १४८ बाय २१० मिमी, दोन सेंटिमीटर जाडीचं पुस्तक असेल तर साधारण ४८ बाय २३.५ सेंटिमीटर कापड. सरळ टिपा आहेत नुसत्या, नवीन शिकणाऱ्याने उशीच्या खोळीपेक्षा हेच पहिलं शिवावं असं माझं मत, छोटं आहे, सरळ आहे आणि लगेच उपयोगी पडतं. उरलेल्या कापडाची लांब पट्टी वरच्या शिवणीत अडकवली की खूण तयार. मी आतल्या घडीत एक बोटभर खिसा पण शिवते, त्यात चिठ्ठी, कोणाकडे कधी गेलं त्याची. सासूबाई म्हणतात हे वसुली अधिकाऱ्यासारखं झालं, पण तेव्हापासून पुस्तकं परत यायला लागलीत हे त्याच सांगतात.

आवाजाबद्दल, कारण वाचणारी माणसं घरात आहेत. सावकाश चालवलं तर घरघर सुसह्य आहे, जोरात टेबल थरथरतं. खाली जाड चटई किंवा फोमचा तुकडा घाला, बराच फरक पडतो. पॅडलवर वेगाचा ताबा बेताचाच, आधी काहीच नाही आणि मग एकदम पळतं, पाय सवयीचा होईपर्यंत वेळ लागतो. दिवा एलईडी आहे, सुईवर नीट पडतो, गडद कापडावर गडद दोरा असेल तर तो पण पुरत नाही.

सुईत आपोआप दोरा ओवायची जी सोय दिलीये ती बारीक सुईला चालत नाही, तिचा हूक सुईच्या भोकातून जातच नाही, जोर लावाल तर वाकेल. काज चार टप्प्यांत करावं लागतं, प्रत्येक टप्प्याला नॉब फिरवा, दोन काजं सारखी येतील ह्याची खात्री नाही, ज्याला शर्टच शिवायचेत त्याने एका टप्प्यात काज करणारं मॉडेल बघावं. देखभाल फार नाही, टॉवेल शिवल्यावर सुईखालची प्लेट काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला कापूस ब्रशने झाडायचा, फुंकर मारून नाही, तोंडाची वाफ आत जाते आणि कापूस अजून खोल. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, वरून बॉबिन टाकायच्या बऱ्याच मशीनना ते लागतच नाही.

रोज चामडं, जाड कॅनव्हास, पडद्यांचे ढीग शिवायचे असतील तर हे घेऊ नका, आतली बरीच चाकं प्लास्टिकची असतात. आणि घ्यायला जाल तेव्हा घरातला जुना टॉवेल चार पदरी घडी करून बरोबर न्या. दुकानात दाखवायला ते एक कडक पातळ कापड ठेवतात, त्यावर कुठलंही मशीन छानच चालतं.