हत्तरसंग-कुडल: जाताना बॅटरी घ्या

सोलापूरहून विजापूर रस्त्याने सुमारे 40 किलोमीटर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. मॅपवर नुसतं 'कुडल संगम' टाकू नका. तो बसवेश्वरांच्या कुडलसंगमला, थेट बागलकोट जिल्ह्यात नेतो. 'हत्तरसंग' असंच शोधा. स्वतःची गाडी असलेली बरी.

भीमा-सीनेच्या संगमावर दोन चालुक्यकालीन देवळं आहेत. बहुतेक लोक हरिहरेश्वराच्या बहुमुखी लिंगासमोर फोटो काढून परततात. लिंग आहेच तसं: एकाच दगडावर 359 मुखं, मूळ लिंग धरून 360. मोजायची हौस असेल तर एका चेहऱ्याची खूण धरून ओळीनं मोजा, नाहीतर फेरी कुठे सुरू केली तेच विसरायला होतं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, त्यामुळे खांबांवरचं कोरीव काम बघायला उजेड पुरेसा मिळतो.

खरा ऐवज मात्र संगमेश्वराच्या देवळात, डोक्यावरच्या तुळईवर आहे. शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. शेवटी मराठीत लिहिलंय: 'वांछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. आता वाचायचा कसा? मोबाईलचा फ्लॅश समोरून मारला की दगड पांढरा पडतो आणि अक्षरं सपाट होऊन गायब होतात. एकानं बॅटरी तुळईला जवळजवळ समांतर, बाजूने धरावी. खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. एका कोनातून 'वा' लागला नाही तर बॅटरी दुसऱ्या बाजूला न्या. खडू, तेल, पावडर काहीही चोळू नका, खाचा भरून जातात. 'मराठीतला पहिला लेख' असं छातीठोक सांगणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके 934 चा आहे, एवढं ठाऊक असलं की झालं.

उन्हाळ्यात दुपारी फरशी तापते, अनवाणी पाय पोळतात. मोजे ठेवा, किंवा सकाळी नऊच्या आत पोहोचा. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडलं असेल तर भीमा फुगते. तेव्हा देवळांपुरतंच बघा, काठावर उतरू नका. जेवणाची सोय तिथे होईल असं धरून चालू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि माणशी दोन लिटर पाणी सोबत असू द्या.

दोन तास पुरतात. त्यातला अर्धा तास तुळईखाली गेला तर मान दुखेल, पण तेवढा द्याच.