दिवा लागतो, पण ब्रेकर पडत नाही : जनरेटरच्या सर्व्हिसिंगमधील एक फसवणूक

जनरेटरच्या सर्व्हिसिंगमध्ये तेल, फिल्टर, कूलंट ही कामे डोळ्यांना दिसतात. विजेच्या बाजूच्या चाचण्या मात्र बहुतेकांना अहवालातील आकड्यांच्या रूपातच भेटतात, आणि आमची फसवणूक नेमकी तिथेच झाली. इमारतीच्या डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) देखभाल वार्षिक कराराने एका कंत्राटदाराकडे होती आणि समितीच्या वतीने त्यावर देखरेख मी करत होतो. इंजिनाचे काम त्यांनी नीट केले, हे आधीच सांगितलेले बरे.

हवा दमट झाली की सेटवर भार येताच मुख्य ब्रेकर (बिघाड होताच वीज तोडणारा स्विच) अधूनमधून पडू लागला. त्या वेळी पॅनेलवरील अर्थ लीकेज रिलेचा (विजेची गळती ओळखून ब्रेकर पाडायला लावणाऱ्या उपकरणाचा) लाल दिवा लागलेला असे. म्हणजे केबलमधून जाणारा आणि परत येणारा प्रवाह जुळत नव्हता, कुठेतरी वीज जमिनीकडे निसटत होती. कंत्राटदाराच्या तंत्रज्ञाने रिलेच खराब असल्याचे निदान केले आणि नवा रिले बसवल्याचे बिल दिले. त्याने आमच्यासमोर रिलेवरचे टेस्टचे बटण दाबले, दिवा लागला, आणि पॅनेलचे दार बंद झाले. ब्रेकर पडणेही त्या दिवसापासून थांबले.

पुढे एका नव्या पंपाच्या जोडणीसाठी दुसऱ्या विद्युत ठेकेदाराला बोलावले, तेव्हा काम करण्याच्या पद्धतीतला फरक प्रथम लक्षात आला. पॅनेल उघडण्यापूर्वी त्याने सेट ऑटोवरून बंद स्थितीत आणला, बॅटरी चार्जरचा पुरवठा तोडला, बॅटरीची आधी ऋण आणि मग धन तार काढली, मुख्य पुरवठ्याच्या बाजूचा स्विच पाडून त्याला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. ऑटोवरचा सेट बाहेरची वीज जाताच कोणाला न विचारता सुरू होतो, आणि सेट बंद असला तरी चेंजओव्हरच्या (बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) एका बाजूला, चार्जरमध्ये व कूलंट हीटरमध्ये बाहेरची वीज असतेच. त्यानंतर त्याने टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासला, मग पॅनेलमध्ये वीज नसल्याची खात्री केली आणि पुन्हा तोच टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो मधल्या वेळात बिघडला नसल्याचे पाहिले. आधीचा तंत्रज्ञ यातले काहीही करत नसे. सेट ऑटोवर असतानाच त्याचा हात आत जाई.

रिलेपासून ब्रेकरच्या शंट ट्रिपकडे (रिलेच्या इशाऱ्यावर ब्रेकर पाडणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक राखाडी तार टर्मिनलमधून काढलेली होती. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती तारांच्या जुडग्यामागे खोचलेली होती. काम संपल्यावर पुरवठा जोडून त्याने टेस्टचे बटण दाबले. दिवा लागला, ब्रेकरची दांडी मात्र होती तिथेच राहिली. गळती ओळखणारा रिले शाबूत होता. त्याचे म्हणणे ब्रेकरपर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी तोडलेली होती. राहिला प्रश्न नव्या रिलेचा. त्याच्यावरचा अनुक्रमांक सेट प्रथम बसवला तेव्हाच्या कागदपत्रांतील अनुक्रमांकाशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. बिल नव्याचे, वस्तू जुनीच, फक्त पुसलेली.

गळतीचे खरे कारणही त्याच दिवशी सापडले. पॅनेलमधून इमारतीकडे जाणारी केबल कॅनोपीच्या (सेटभोवतीच्या पेटीच्या) पत्र्यातून बाहेर पडते, तिथे ग्लँड, म्हणजे केबलला कडेपासून जपणारी घट्ट कडी, नव्हते. सेटच्या कंपनाने पत्र्याची कड आवरणात रुतत गेली होती आणि दमट हवेत तिथून वीज पत्र्यात उतरत होती. कॅनोपीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा नट गंजून सैल झाला होता. ती पट्टी सुटली असती आणि रिलेची तार तोडलेलीच राहिली असती, तर कॅनोपीचे दार उघडणाऱ्याला जीवघेणा झटका बसू शकला असता.

मग जुने अहवाल काढून बसलो. अर्थिंगच्या रोधाचा आकडा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दशांशापर्यंत सारखाच होता, वास्तविक कोरड्या जमिनीत तो वाढतो. नेहमीच्या पद्धतीने हा रोध मोजताना दोन सळ्या जमिनीत ठराविक अंतरांवर ठोकाव्या लागतात. तसे काही करताना इमारतीत कोणीही पाहिले नव्हते. अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) इन्सुलेशनचेही आकडे भरलेले होते. मेगरचे (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राचे) ५०० व्होल्ट लावण्यापूर्वी एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाच्या) तारा सोडवाव्या लागतात, नाहीतर त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. आमच्या एव्हीआरच्या स्क्रूंवरची कारखान्यातली रंगाची खूण मात्र कुठेही तडकलेली नव्हती. अहवाल भरणाऱ्याने निदान आकडे तरी बदलत राहायला हवे होते, इतका हा आळशी बनाव होता.

कंत्राटदाराला लेखी विचारणा केली. त्याचे उत्तर मासलेवाईक होते : "तुम्ही ट्रिपिंग बंद करायला सांगितले, आम्ही बंद केले." अनुक्रमांकाचे छायाचित्र पाठवल्यावर रिलेचे पैसे परत आले, आणि करार आम्ही रद्द केला.

ज्यांच्याकडे असा सेट आहे त्यांनी रिलेची चाचणी होताना दिव्याकडे न पाहता ब्रेकरकडे पाहावे. मात्र चाचणीने पुरवठा तुटणार असल्याने लिफ्ट आधी रिकामी करून थांबवावी. ब्रेकर वारंवार पडत असेल तर "कारण कुठे सापडले" असे विचारावे आणि ती जागा स्वतः पाहावी, कारण गळतीचा दोष रिलेत निघण्यापेक्षा केबलमध्ये, हीटरमध्ये किंवा ओलावलेल्या जोडणीत निघण्याची शक्यता अधिक असते. काढलेला भाग ताब्यात घ्यावा आणि नव्याचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. मेगर किंवा अर्थ टेस्टर न आणता आलेल्या माणसाकडून त्या रकान्यांत काहीही भरून घेऊ नये.

चाचण्यांचे पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. अहवालांवर इमारतीच्या पहारेकऱ्याची सही आहे, म्हणून काम झाल्याचे कंत्राटदार सांगतो. पहारेकऱ्याने सही केली होती ती माणूस आत आल्याची वेळ नोंदवण्यासाठी. नव्या करारात म्हणूनच प्रत्येक चाचणीपुढे ती प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव आणि सही असा वेगळा रकाना घातला आहे.