क्रोएशियाच्या फुटबॉल टीमची २००६ वर्ल्ड कपची रेट्रो जर्सी, १९ नंबर: साडेतीन स्टार

ऑनलाईन मागवली, थाई क्वालिटी म्हणजे कॉपीच आहे, ओरिजिनल समजून कोणी घेऊ नका. पाठीवर क्रान्यचार आणि १९. बघणारे विचारतात स्टार प्लेअर मॉड्रिच सोडून हा कोण काढलास, तर हा निको, पण मला खरं म्हणजे त्याच्या बापाची हवी होती, झ्लात्को क्रान्यचारची. तो तेव्हा टीमचा कोच होता आणि कोचच्या नावाची जर्सी कोणी विकत नाही, मग पोराच्या आडनावावर भागवलं.

आधी मालाचं बोलू. कापड जाळीचं पॉलिस्टर, हलकंय, घामाने अंगाला चिकटत नाही. या जर्सीत बघायचं काय तर बाजूची शिलाई. लाल-पांढरे चौकोन तिथे जुळले पाहिजेत, नाहीतर लालला लाल लागून उभा पट्टाच तयार होतो, स्वस्तातल्या कॉपीत हमखास. माझी डावी बाजू परफेक्ट, उजवीकडे काखेखाली दोन ओळी सरकल्यात, हात खाली असला की कळत नाही. नाव-नंबर हीट प्रेसचे, कडा अजून उचलल्या नाहीत आणि आडनावातल्या सी वरची बारीक खूणसुद्धा दिलीय, ती बरेच जण गाळतात. उलटी करून थंड पाण्यात धुवा, प्रिंटवर इस्त्री अजिबात नको.

आता बापाचं, कारण पैसे मी त्याचेच दिलेत. झ्लात्को म्हणजे डिनामो झाग्रेबचा स्ट्रायकर, १९८२ला डिनामोने २४ वर्षांनी युगोस्लाव्ह लीग मारली त्या टीममधला. मग ऑस्ट्रियातला रापिड व्हिएन्ना क्लब, तिथे दोनदा लीग आणि १९८५ची कप विनर्स कप या युरोपियन स्पर्धेची फायनल, इंग्लंडच्या एव्हर्टनकडून ३-१ हरले ती. १९९०च्या ऑक्टोबरमध्ये झाग्रेबला अमेरिकेविरुद्ध क्रोएशियाची मॅच झाली, देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, तेव्हा कॅप्टन हाच.

कोच म्हणून लोक त्याला फक्त २००६वर तोलतात हे मला पटत नाही. २००२ला त्याने एनके झाग्रेबला (डिनामोच्याच शहरातला दुसरा क्लब) क्रोएशियाची लीग जिंकून दिली, डिनामो आणि हायदुक हे दोन क्लब सोडून तोवर कोणालाच जमलं नव्हतं, आणि त्या सीझनला गोल करत होता स्ट्रायकर ऑलिच. नंतर इराणमध्ये सेपाहान क्लबबरोबर पण लीग. २००६ वर्ल्ड कपची क्वालिफाईंग एकही मॅच न हरता, स्वीडनला दोन्ही वेळा १-०.

पण जर्मनीत, म्हणजे वर्ल्ड कपलाच, टीम गळपटली आणि तिथे मी पण त्याची बाजू घेत नाही. ब्राझीलकडून १-० ठीक आहे, जपानविरुद्ध स्रनाची पेनल्टी अडली आणि ०-० झालं, मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायलाच पाहिजे होतं तर २-२. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली ती मॅच, क्रोएशियाच्या शिमुनिचला दोन यलोवर बाहेर न काढता तीन दाखवलेली, सगळ्यांना रेफ्री पोल आठवतो पण मॉड्रिच बेंचवर बसून होता ते कोणी बोलत नाही, शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांना उतरवला. आणि गंमत म्हणजे मॉड्रिचला पहिली कॅप, म्हणजे देशाकडून पहिली मॅच, झ्लात्कोनेच दिलेली, १ मार्च २००६ला अर्जेंटिनाविरुद्ध. बरोबर १५ वर्षांनी त्याच तारखेला झ्लात्को गेला.

निको बापामुळे टीममध्ये अशी तेव्हा बोंब होती. पोरगा खेळायचा चांगला हो, पुढे इंग्लंडच्या प्रीमियर लीगला उगाच नाही गेला.

दीड स्टार कशाला कापले तर एक शिलाईसाठी आणि अर्धा साईझसाठी. चार्टमध्ये एल म्हणजे ४२ छाती, प्रत्यक्षात ४०, दुकानवाल्याला मेसेज केला तर म्हणे भाऊ फिटिंगच तशी आहे. एक्सचेंजचं कुरियर आपल्याच खिशातून. पोट असेल तर सरळ दोन साईझ मोठी मागवा, आतून बनियन घातलं की चौकोन ताणले जातात.