फोंड्यातलं वधूवर केंद्र: जातीबाहेरचं स्थळ बघणाऱ्यांनी जरूर जावं (४/५)

दादासाठी स्थळं बघत होतो तेव्हा गोव्यात फोंड्याच्या एका छोट्या वधूवर केंद्रात नाव घातलं, त्याचा हा रिव्ह्यू. आधी एका ऑनलाइन साइटवर होतो, तिथं पोटजात भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नव्हता आणि मुलापेक्षा जास्त शिकलेली मुलगी त्यांच्या लिस्टमध्ये कधी आलीच नाही. इथल्या बाईंनी पहिलंच विचारलं, कुठला फरक चालेल आणि कुठला अजिबात नाही? वय, शिक्षण, पगार, जात, खाणं, एकेक करून, पेन्सिलीनं वहीत खुणा करत. आईला वेगळं बसवलं, दादाला वेगळं. आईचं जातीबद्दल काही नव्हतं, सोमवारी घरात नुस्तं, म्हणजे मासे, शिजता कामा नये एवढंच म्हणाली. हे साइटवर कुठल्या रकान्यात भरणार?

मी बारावीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे हेटरोगॅमी, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्यांची जोडी, माझ्या रोजच्या बोलण्यातली. माणसात अंडपेशी मोठी, साठा घेऊन बसलेली, शुक्राणू इवलासा, शेपटीनं पोहणारा, दिसायला काही म्हणता काही सारखं नाही, पण गुणसूत्रं दोघंही देतात ती २३-२३. दसऱ्याच्या तोरणातलं रोज, म्हणजे झेंडूचं साधं फूल सोडवून बघा, कडेला पाकळ्यांसारखी दिसतात ती नुसती मादी फुलं, मधली नळीसारखी बारीक ती द्विलिंगी, एकाच फुलात दोन्ही प्रकार, त्यालाही हेटरोगॅमसच म्हणतात. यात वरचा कोण नि खालचा कोण हा प्रश्नच येत नाही. लग्नात मात्र, म्हणजे नवरा-बायको वेगळ्या जातीचे, शिक्षणाचे, वयाचे असले की, आपण लगेच शिडी लावतो. अनुलोम-प्रतिलोम म्हणजे दुसरं काय, नवरा वरच्या वर्णाचा तर चालवून घ्यायचं आणि बायको वरची असली की नावं ठेवायची. मुलगी जास्त शिकलेली म्हटलं की आजही लोक नाक मुरडतात. बाईंच्या वहीत ही शिडी नाही, मला केंद्र आवडलं ते यासाठी.

दुसरं म्हणजे कायद्याचं त्या स्वतःहून सांगतात. आपल्याकडे गोव्यात लग्नाला १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू, कुठल्याही धर्माचे असा, आणि वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक, निम्मी-निम्मी. करार करायचा तर लग्नाआधीच, नंतर नाही. लग्न नोंदवायला सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी सही. दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवून हे बोलल्या, आमच्याकडे काकांची घराच्या वाट्यावरून जी कुरकुर चालली होती ती तिथंच मिटली. दादाचं ठरलंय, मुलगी एम.एस्सी. आहे, दादापेक्षा वयानं मोठी आहे, जातीतली नाही आणि आई खूश आहे!

एक स्टार का कापला ते सांगते. पेडणे-सत्तरीकडची स्थळं फारच कमी, कॅथलिक घरातली जवळजवळ नाहीतच, म्हणजे धर्माबाहेरचं बघणाऱ्यांना फारसा उपयोग नाही, आणि हे त्यांनी वाढवायलाच हवं. फॉर्म फक्त इंग्रजीत, आईला मी वाचून दाखवला. दुपारी फोन कोणी उचलत नाही.

जाताना आई-बाबांना घेऊनच जा, त्यांच्याशी बोलल्याशिवाय बाई एकही फोटो दाखवत नाहीत.