मगरपट्टा सिटी, हडपसर: घर पाहायला जाण्याआधी

आमचं मत आधीच सांगतो: या टाउनशिपच्या आत राहायला पुण्यात यापेक्षा चांगल्या जागा थोड्याच आहेत. त्रास आहे तो फाटकाबाहेर पडताना.

इथे पूर्वी ऊस आणि भाजीपाला पिकायचा. शहर अंगावर येतंय हे ओळखून सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी, त्यातली बहुतेक मगर आडनावाची, सतीश मगर यांच्या पुढाकाराने 400 एकरांहून थोडी अधिक जमीन एकत्र केली. कंपनी काढून ज्याची जितकी जमीन, तितके त्याला शेअर दिले. 2000 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. खडी-वाळू पुरवण्यापासून बागकामापर्यंतची बरीच कंत्राटंही याच घरांतल्या मुलांनी घेतली. जमीन सलग असल्यामुळे रस्ते आधी आखले गेले, मध्यभागी मोठी बाग राहिली आणि सायबरसिटीतली (इथल्या आयटी पार्कातली) ऑफिसं चालत जाण्याच्या अंतरावर आली. याउलट नगर रस्त्यावरच्या वाघोलीत जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली. आधी इमारती उठल्या, रस्ता-पाणी मागून आलं. 2021 मध्ये गाव महापालिकेत गेल्यावरही टँकर सुटले नाहीत. दोन्हीकडे एक चक्कर मारा, फरक डोळ्यांनी दिसेल.

आता व्यवहाराचं. इथल्या बऱ्याच इमारती रेराच्या (घरबांधणी व्यवसायाच्या 2016 च्या कायद्याच्या) आधीच्या, म्हणून एजंट सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून काढलेला आकडा सांगतो. तुम्ही कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा विचारा. 1000 चौरस फुटांवर 30 टक्के लोडिंग (कार्पेटवर चढवलेली सामाईक जागेची भर) धरलं असेल तर वापरायला 770 च्या आसपासच मिळतात, आणि दर त्याच आकड्यावर काढून बघायचा. पावसाळ्यात किंवा नुकताच पाऊस सरल्यावर घर पाहा: बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, खिडकीखालचा गिलावा आणि वरचा मजला असेल तर स्लॅब. वीस वर्षांच्या इमारतीत ओल इथेच धरते. छतावर सोलर आहे, पण खालच्या मजल्यांवर गरम पाणी यायला पाइपातलं गार पाणी आधी सोडावं लागतं, आणि ढगाळ दिवसांत गीझर लागतोच. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठी सोसायटी साठवते त्या पैशात) किती शिल्लक आहे आणि लिफ्ट, रंगकाम निघालं तर वर्गणी किती बसेल, हे टोकन (इसाऱ्याची रक्कम) देण्याआधी विचारा. नंतर कोणी नीट सांगत नाही.

रस्त्याचं मात्र आतल्या कुणाच्या हातात नाही. संध्याकाळी ऑफिसं एकदम सुटली की मुंढव्याकडचा रस्ता आणि सोलापूर रस्त्याचा चौक दोन्ही तुंबतात. नोकरी खराडीत असेल तर मुळा-मुठेवरचा पूल तुमच्या रोजच्या वाटेत येणार. नकाशावरचं अंतर पाहून फसू नका. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान स्वतः गाडी घालून बघा. ऑफिस सायबरसिटीतच असेल, तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. पैसे थोडे जास्त पडले तरी इथेच घर घ्या.