हाकारू आणि कावकी: दोन भाषा की एकीच्या दोन बोली?

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषाकुटुंबात थोरली बहीण एकच. तितिकाका सरोवराच्या आसपास, मुख्यतः बोलिव्हिया आणि पेरूत, दहा लाखांहून अधिक लोक आयमारा बोलतात. वाद आहे तो पेरूच्या यौयोस प्रांतातल्या दोन धाकट्यांचा: तुपे गावाची हाकारू आणि जवळच्याच काचुयची कावकी.

भाषाशास्त्रज्ञ मार्था हार्डमन यांनी तुपेत राहून हाकारूचं व्याकरण लिहिलं. त्यांच्या मते या दोन स्वतंत्र भाषा, म्हणजे कुटुंब तिघींचं. त्याला त्यांनी ‘हाकी’ हे नाव दिलं. पेरूचे भाषाशास्त्रज्ञ रोडोल्फो सेरॉन-पालोमिनो यांना मात्र हाकारू आणि कावकी या एकाच भाषेच्या दोन बोली वाटतात.

ध्वनींवरून निकाल लागत नाही. ‘त’ आणि ‘थ’ आपल्या ओळखीचे. या कुटुंबात तिसराही ‘त’ आहे, घसा क्षणभर बंद करून फटकन सोडलेला. आयमारात तिन्हींनी अर्थ बदलतो. पण हे तिहेरी वळण सगळ्या कुटुंबाचंच, त्यामुळे ते नातं सांगतं, वेगळेपण नाही. हाकारू आणि कावकीत टाळूकडे जीभ वळवून उच्चारलेले ‘च’सारखे वर्णही आहेत, आयमारात ते नाहीत. म्हणजे खरी मोठी दरी आयमारा आणि या जोडीमध्ये.

म्हणून मला सेरॉन-पालोमिनोंची मांडणी जास्त पटते. फक्त तिच्यात एक धोका आहे: कावकी जाणणारे मोजकेच वृद्ध उरलेत, आणि ‘बोलीच तर आहे’ म्हटलं की भाषा नोंदवून ठेवण्यासाठीचा पैसा आणि माणसं आधी तुपेला जातात.